जुलैमध्ये पाहून निवडलेले गाव

माझ्या यजमानांचा दमा जुना आहे आणि त्याला पुण्याचा हिवाळा मानवत नाही. दिवाळी संपून पहाटेचा गारठा सुरू झाला की कोरडी हवा, रस्त्यांवरची आणि बांधकामांची धूळ आणि सकाळी खाली साचून राहणारा धूर यांनी त्यांची छाती भरते, आणि फेब्रुवारी सरेपर्यंतचे दिवस पंप आणि नेब्युलायझर यांच्या भरवशावर काढावे लागतात. आम्ही दोघेही निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सुचवले की हिवाळ्यापुरते समुद्राकाठच्या एखाद्या गावी राहून पाहावे. मात्र पावसाळ्यात तिथे मुळीच राहू नये, कारण दमेकऱ्याला ओल आणि बुरशी गारठ्यापेक्षाही वाईट, असेही त्यांनी लगेच बजावले. कोकणाच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. दिवाळीनंतर खाली उतरायचे आणि आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आत बाडबिस्तरा आवरून घाटावर परत यायचे.

मी शाळेत भूगोल शिकवत असे आणि हे बँकेत कर्जविभागात होते. त्यामुळे नकाशे व पावसाचे आकडे माझ्याकडे आणि सात-बारा, करारनामे यांचे वाचन त्यांच्याकडे, अशी कामाची वाटणी न बोलताच झाली. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तो सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर जातो आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीत ७००० च्या घरात. हा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. आम्ही तर त्या चार महिन्यांत तिथे नसणार होतो. तरीही गावाची निवड शेवटी त्याच चार महिन्यांनी ठरवली, आणि हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे. आपण नसताना घराचे काय होते, हे पाहिल्याशिवाय असे गाव निवडता येत नाही, आणि डिसेंबरात गेल्यावर ते दिसत नाही. डिसेंबरातले कोकण पाहून नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सुरुवातीच्या यादीत अलिबाग, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, सावंतवाडी आणि वेंगुर्ले अशी नावे होती. अलिबाग लवकर गळले. २०२० मध्ये मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारची मुंबई मोटारींसकट तिथे उतरते आणि घरांचे भाव निवृत्तिवेतनाच्या हिशेबात बसत नाहीत. देवगडला आमची कोणाचीही ओळख नव्हती आणि रेल्वे स्थानकही बरेच दूर, म्हणून ते नावही मागे पडले.

दापोलीवर माझा जीव होता. कोकण कृषी विद्यापीठामुळे गावाला एक शिस्त आणि सुशिक्षित वस्ती आहे, बाजार भरलेला असतो, हर्णे बंदर जवळ आहे. पण दापोली समुद्राकाठी नाही. ती सुमारे अडीचशे मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, वसलेली आहे, आणि इंग्रजांनी तिथे छावणी टाकली ती थंड हवेसाठीच. हिवाळ्यात तिथला पारा कधीकधी १० अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे ज्या गारठ्यापासून पळायचे तोच पुन्हा वाट्याला येतो. शिवाय ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळ कुठेही येऊ शकते, हे मान्य. परंतु ज्या माणसाचे औषध विजेवर चालणाऱ्या यंत्रातून जाते, त्याच्यासाठी वीज परत यायला किती दिवस लागतात हा प्रश्न गौण नाही.

गुहागरने आम्हांला बराच काळ धरून ठेवले. व्याडेश्वराच्या देवळापासून चालत गेले तरी काही मिनिटांत पुळण लागते. खालचा पाट आणि वरचा पाट इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून ऐन दुपारीही सावली हटत नाही. एका वाडीत मागच्या अंगाला दोन स्वतंत्र खोल्या भाड्याने मिळत होत्या आणि भाडेही माफक होते. अडचण अशी की मोठे रुग्णालय गाठायचे तर आधी चिपळूणपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर तोडायचे, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला आलेल्या महापुरात त्या चिपळूणचीच काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. आम्ही पावसाळ्यात तिथे नसणार, त्यामुळे पुराचे भय आम्हांला थेट नव्हते. पण रात्री दोन वाजता दम लागला तर पुढची वाट एकाच गावावरून जाते, ही गोष्ट यजमानांना पटेना. त्यांचे म्हणणे रास्त होते.

रत्नागिरीची बाजू सर्वांत भक्कम होती. जिल्ह्याचे ठिकाण, शासकीय रुग्णालय आणि २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालय, खासगी दवाखाने, रेल्वे, १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय, असे सगळे हाताशी. कागदावर गुण मांडले तेव्हा रत्नागिरी पहिली आली आणि मे महिन्यात आम्ही दोघे तिथे जाऊन घरेही पाहून आलो. मे महिना मुद्दाम निवडला होता. कोकणात पाऊस एवढा पडूनही जांभ्याचे सडे पाणी धरत नाहीत. ते भराभर ओढ्या-वहाळांतून समुद्राला मिळते आणि एप्रिल उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. त्यामुळे घर दाखवणाऱ्याला आम्ही सगळीकडे एकच प्रश्न आधी विचारत होतो: मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि विहीर असेल तर ती कुठवर उतरते. या प्रश्नाला जो माणूस विहिरीवर नेऊन दाखवी त्याच्यावर आमचा विश्वास बसे. ‘इथे पाण्याचा प्रॉब्लेमच नाही’ असे जो म्हणे, त्याचे घर आम्ही यादीतून काढून टाकत असू.

उरलेल्या चार गावांची जुलैतली फेरी यजमानांना घेऊन करणे अर्थातच शक्य नव्हते, म्हणून माझा धाकटा भाऊ गाडी चालवायला आला. २०२४ चा जुलै यासाठी अगदी योग्य ठरला, म्हणजे प्रवास करणाऱ्यांसाठी अतिशय वाईट. त्या महिन्यात कुडाळ-सावंतवाडीकडे पूर आले, पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि त्यानंतर काही दिवसांनी खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून कोकण रेल्वे पुन्हा ठप्प झाली. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक त्या वर्षी १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत होते. गाड्या मुद्दाम सावकाश चालवल्या जातात आणि तरीही असे प्रसंग येतात. आपला मुक्काम ज्या महिन्यांत असेल त्या महिन्यांत रेल्वे पूर्ण वेगाने धावणार, हा त्यातला दिलासा.

रत्नागिरीत मे महिन्यात पसंत केलेली सदनिका जुलैत पुन्हा पाहिली आणि तिथेच तो विषय संपला. इमारत जुनी नव्हती, रंगही बरा होता. पण जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कुलपे दिसत होती, कारण बहुतेक सदनिका मुंबईकरांनी गुंतवणूक म्हणून किंवा गणपती आणि मे महिन्यापुरत्या घेऊन ठेवलेल्या होत्या. बंद दारांवर, विशेषतः खालच्या फळीवर, राखाडी-हिरवी बुरशी चढलेली होती. जिन्यात ओल्या गोणपाटाचा असतो तसा वास भरून राहिला होता. आमच्या सदनिकेचे दार फुगल्यामुळे उघडेना. ते खांद्याने ढकलून आत गेल्यावर भिंतीतले कपाट उघडले, तेव्हा त्याच्या मागच्या फळीवर बोट फिरवताच काळी रेघ उठली. ही अवस्था पावसाला सुरुवात होऊन जेमतेम महिना झाल्यानंतरची होती. अजून दोन-अडीच महिने ते घर तसेच बंद राहणार होते, आणि नोव्हेंबरात दम्याचा रोगी त्यात राहायला येणार होता. रंगकाम करून घेता आले असते, पण दरवर्षी आल्या आल्या बुरशी खरवडणे, ती धूळ उडवणे आणि त्यातच नेब्युलायझर लावून बसणे, हे चित्र मला पुढचे दिसू लागले. सगळ्या सोयी असलेले शहर केवळ या एका कारणाने मागे पडले. रत्नागिरीत माणसांनी भरलेली इमारत आम्हांला सापडली असती तर कदाचित मी हे सगळे वेगळे लिहिले असते.

तिथून पुढे मी गावे पाहण्याऐवजी घरात वर्षभर कोण राहते हेच पाहू लागले. मालवणला वर्षभर माणूस असलेली घरे पुष्कळ आहेत, पण तिथे दुसरीच अडचण उभी राहिली. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा आणि तारकर्ली यांमुळे नाताळ ते नवीन वर्ष आणि एप्रिल-मे या काळात जी खोली पर्यटकाला एका रात्रीसाठी दिली जाते, तिचे दोन-तीन रात्रींचे पैसे आमच्यासारख्यांच्या महिन्याच्या भाड्याएवढे होतात. मग घरमालकाने आम्हांला का ठेवून घ्यावे? एकाने अगदी सभ्यपणे सांगितले की तुम्ही नोव्हेंबरपासून राहा, फक्त नाताळातले दहा-बारा दिवस आणि पूर्ण मे महिना खोली मोकळी करून द्या. त्याच्या बाजूने तो चुकीचा नव्हता. किनाऱ्यावरच्या गावात हंगामी राहणाऱ्याची स्पर्धा पर्यटकाशी असते आणि दोघांचा हंगाम एकच असतो, ही गोष्ट आधी लक्षात घेतलेली बरी. पर्यटन थोडे कमी असलेले गाव, म्हणजे चार हॉटेले कमी आणि समुद्राकाठी खुर्च्या नाहीत असे गाव, आमच्या दृष्टीने सरस ठरत होते.

सावंतवाडी समुद्रापासून आत असली तरी यादीत होती, ती मोती तलावामुळे आणि तलावाकाठच्या टुमदार वस्तीमुळे. चितार आळीतली लाकडी खेळणी पाहण्यात भावाने अर्धी सकाळ घालवली आणि मी घरे पाहिली. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे तिथली ओल किनाऱ्यापेक्षाही चिवट वाटली. बांद्याच्या पुढे काजूच्या बागेत एक सुंदर कौलारू घर स्वस्तात मिळत होते. ते नाकारण्याचे कारण मात्र पावसाळ्यातले नव्हते. दोडामार्ग-बांदा-सावंतवाडी या पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा ताप जंगलातल्या गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा काळ साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका आमच्या मुक्कामाचा. जंगलाला लागून असलेल्या बागेत, पाचोळ्यात फिरल्याशिवाय दिवस जात नाही अशा ठिकाणी, साठी उलटलेल्या दोन माणसांनी राहायला जाण्यात शहाणपण नव्हते.

वेंगुर्ल्याला आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस असा लागला होता की गाडीतून समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. ज्या घराचा पत्ता मिळाला होता ते बाजारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बंदरापासून थोडे आत होते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, खाली मालक-मालकीण, वर मुलासाठी बांधलेला मजला. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला स्थायिक झाल्यामुळे तो रिकामा होता. स्लॅबवर मंगलोरी कौलांचे छप्पर चढवले होते, म्हणजे पाऊस स्लॅबवर थेट पडत नव्हता आणि मधली हवा खेळती राहत होती. मालक एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हांला वर नेले आणि काही सांगण्याआधीच मी कपाट उघडले. आत झिरोचा दिवा जळत होता. पावसाचे चारही महिने तो तसाच चालू ठेवायचा, कपाट कोरडे राहते, असे मालकीणबाईंनी सांगितले. कपाटाला वास होता तो डांबराच्या गोळ्यांचा, बुरशीचा नव्हता. खिडक्यांना बाहेरून ताडपत्रीच्या झडी बांधलेल्या होत्या, दाराच्या चौकटीला वाळवीचे औषध मारल्याचे डाग दिसत होते, आणि मधल्या खोलीत दोरीवर खालच्या घरातले कपडे वाळत घातले होते. ते कपडे पाहून मला जे बरे वाटले ते कोणत्याही सुशोभित सदनिकेने वाटले नसते, कारण त्याचा अर्थ असा की रोज कोणीतरी वर येते, पंखा लावते, खिडकी उघडते.

मे महिन्यात आम्ही दोघे हे घर बाहेरून पाहून गेलो होतो आणि तेव्हाच मालकीणबाई म्हणाल्या होत्या, “बाईंनू, पावसात एकदा येवन बघा, मगे काय ता ठरवा.” भाड्याने घर देणाऱ्या माणसाने आपणहून असे सांगावे, याचेच मला त्या वेळी अप्रूप वाटले होते. जुलैत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की पूर्वेकडच्या खोलीच्या कोपऱ्यात वाऱ्याची झड आली की ओल येते, तिथे पलंग ठेवू नका. मी तो कोपरा पाहिला. ओल होती. ती त्यांनी लपवली नव्हती, म्हणून बाकीच्या भिंतींवर विश्वास ठेवता आला.

आता रुग्णालयाविषयी, कारण हा भाग यजमानांनी जातीने तपासला. वेंगुर्ल्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे प्राणवायूची सोय आहे की नाही आणि रात्री डॉक्टर असतात की नाही हे त्यांनी दसऱ्याच्या सुमारास स्वतः जाऊन विचारले. कुडाळ आणि सावंतवाडी २५-३० किलोमीटरांवर आहेत, ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सिंधुदुर्गातला माणूस गंभीर दुखण्यात आजही बांबोळीचे, म्हणजे गोमेकॉचे (गोवा मेडिकल कॉलेजचे), नाव आधी घेतो. दीड-दोन तासांचा रस्ता आहे. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क पडते, तेव्हा आपल्या आरोग्यविम्याचे कागद आणि ओळखपत्रे एका पिशवीत तयार ठेवावीत, असे तिथल्या औषधवाल्याने आम्हांला सांगितले आणि आम्ही ते ऐकले. त्याच दुकानदाराकडे यजमानांची नेहमीची औषधे लिहून दिली आणि तो ती मागवून ठेवील याची खात्री केली. नेब्युलायझरसाठी इन्व्हर्टर घेतला. मालकांनी तो जिन्याखाली बसवू दिला आणि खालच्या घरातले दोन दिवेही त्यावर जोडून घेतले, हे बरेच झाले. आता बॅटरीत पाणी घालायची आठवण ठेवणारा माणूस घरात बारा महिने आहे.

घर विकत घ्यावे की भाड्याने, यावर नातेवाइकांनी भरपूर मते दिली. कोकणात जागा घेऊन ठेवा, भाव वाढतच जाणार, हे तर जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. यजमानांनी काही जागांचे सात-बारा मागवून पाहिले. एका उताऱ्यावर सामाईक मालकांची नावे दीड पान भरतील एवढी होती आणि त्यांतले अर्धे लोक मुंबईत किंवा परदेशात. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि आम्ही नाही. बिगरशेती भूखंडांपैकी समुद्राकडचे जे आवडले, ते भरतीरेषेपासूनच्या सीआरझेडच्या, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या, पट्ट्यात येत होते की नाही हे दलालाला सांगता येईना. पण या सगळ्यांपेक्षा मोठे कारण वेगळे होते. विकत घेतलेले घर चार महिने बंदच राहिले असते, आणि रत्नागिरीच्या त्या जिन्यातला वास माझ्या नाकातून गेला नव्हता. राखणदार ठेवता येतो, हे खरे. पण महिन्याच्या पगारावर घर उघडून जाणारा माणूस आणि त्याच घरात आपले कपडे वाळवणारा माणूस, यांच्या देखभालीत फार अंतर असते.

म्हणून वरचा मजला भाड्याने घेतला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती नोंदणी ऑनलाइन होते. मालकांना याची सवय नव्हती, तोंडी व्यवहारावर त्यांचा भर होता. यजमानांनी त्यांना नीट समजावून दिले की यात संरक्षण त्यांनाही आहे. करार अकरा महिन्यांचा केला. नोव्हेंबर ते मे पूर्ण भाडे, जून ते सप्टेंबर निम्मे, आणि त्या निम्म्या भाड्याच्या बदल्यात मजला रोज उघडणे, कपाटातला दिवा चालू ठेवणे आणि पावसाआधी झडी बांधणे हे मालकांकडे. पहिल्यांदा त्यांनी पावसाळ्याचे भाडे घेण्यास नकार दिला, तुम्ही राहत नाही तर पैसे कसले, म्हणून. ते देणे आम्हांला आवश्यक वाटत होते, कारण उपकाराच्या जोरावर घर चार महिने कोरडे ठेवायला सांगता येत नाही.

पहिला हंगाम नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. दिवाळीच्या आधी जायचे नाही असे आम्ही ठरवले होते, कारण अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात आणि २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाने कापणीला आलेले भात कसे भिजवले ते तिथे अजून लोक सांगतात. जानेवारीत पुण्यात किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरते तेव्हा इथे ते १८ अंशांच्या आसपास राहते. यजमानांचा पंप सुटला नाही, पण नेब्युलायझर क्वचितच काढावा लागला. दुपारी ऊन चटका देते आणि हवेत दमटपणा असतो, तेव्हा ते घराबाहेर पडत नाहीत. संध्याकाळी बंदरावर जातात. सकाळी मी मासळीबाजारात जाते. भाव करताना सुरुवातीला माझे पुणेरी बोलणे ऐकून किंमत चढत असे, आता कोळणीच मला आज काय घेऊ नये ते सांगतात.

वेळ कसा जाईल, ही एक शंका होती. कार्तिक महिना लागला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावताराचे प्रयोग. रात्री उशिरा उभा राहणारा खेळ पहाटेपर्यंत चालतो. यजमानांना रात्रीचे दव चालत नाही, म्हणून मी मालकीणबाईंबरोबर जाते आणि हे घरी झोपतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात ओले काजूगर येतात, त्यांची उसळ मी आता त्यांच्यासारखी करते असे त्या म्हणतात, मला त्यात थोडी समजूत काढल्याचा संशय आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या जाती तयार झाल्या, त्यांची कलमे पाहायला आम्ही दोघे गेलो आणि भूगोलाच्या पुस्तकातून शिकवलेले ‘वेंगुर्ला-४’ हे नाव मी पहिल्यांदा झाडावर पाहिले.

परतीची तारीख १५ मे धरली होती. नातवंडांना आंबे खाऊन आणखी आठ दिवस राहायचे होते, पण यजमान अडून बसले आणि आम्ही ठरल्या दिवशी निघालो. त्या वर्षी २० मेपासूनच किनाऱ्यावर जोरदार पाऊस सुरू झाला आणि २५ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. एरवी दक्षिण कोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मालकांना झडी बांधायला वेळ मिळाला नव्हता, पूर्वेकडचा तो कोपरा भिजला आणि चटईचे नुकसान झाले. त्यांनी फोनवर हे सांगितले आणि चटईचे पैसे भाड्यातून कापून घ्या म्हणाले. ते आम्ही घेतले नाहीत.

करार आता पुढच्या अकरा महिन्यांसाठी पुन्हा केला आहे. त्यात दोन बदल आहेत: झडी १० मेच्या आत बांधल्या जातील, आम्ही तिथे असलो तरी, आणि दसऱ्यानंतर भिंतींना चुना लावण्याचा खर्च निम्मा आमचा. नातवंडांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यायचे की परीक्षा संपताच, एवढेच ठरायचे राहिले आहे, आणि ते त्यांच्या शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.